एसी लावला की कुबट वास, आणि आता एसी बंद असतानाही... नक्की कुठून येतोय?

निळी_हॅचबॅक:
नमस्कार मंडळी, गाडीतल्या वासाने अक्षरशः वैतागलेय म्हणून इथे विचारतेय. गाडी जुनी हॅचबॅक, पेट्रोल, साधा मॅन्युअल एसी. आधी फक्त एसी चालू केला की पहिला अर्धा मिनिट ओल्या मोज्यांसारखा वास यायचा आणि मग आपोआप कमी व्हायचा त्यामुळे मी काही फार मनावर घेतलं नाही, पण हल्ली गाडी दिवसभर बंद उभी राहिली आणि दार उघडलं की एसी लावलेला नसतानासुद्धा भपकारा येतो. परफ्यूमच्या बाटल्या झाल्या, जेलची डबी झाली, व्हेंटला अडकवायचं ते पण झालं, आता दोन वास एकत्र येतात आणि डोकं दुखतं ते वेगळंच. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले एसीची ट्रीटमेंट करून घ्या, करून घेतली, थोडे दिवस बरं वाटलं मग परत ये रे माझ्या मागल्या. घरात विचारावं तर एक म्हणतो कुबट आहे, दुसरी म्हणते आंबूस आहे, आणि मला स्वतःला गाडीत बसून दहा मिनिटं झाली की काहीच कळत नाही. परत सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी मला स्वतःला कळायला हवंय की हे येतंय कुठून. कसं शोधायचं?

स्टेपनी:
उंदीर. ब्लोअरमध्ये मेलेला उंदीर. बॉनेट उघडून लेंड्या दिसतात का बघा आधी.

पान्हा_१०:
स्टेपनीभाऊंना प्रत्येक धाग्यात उंदीर दिसतो 😄 असू शकतो, पण मेलेल्या उंदराचा वास दिवसागणिक वाढतो आणि मग त्याला कोणी कुबट म्हणत नाही, नाक दाबून पळतात.

ताई, आधी ते परफ्यूम सगळे बाहेर काढा. खरंच काढा, व्हेंटवालं सुद्धा. वास शोधायला आपल्याकडे नाकाशिवाय दुसरं काही नाही आणि तेच तुम्ही बधिर करून ठेवलंय. दहा मिनिटांनी काही कळत नाही हे मात्र नॉर्मल आहे, सतत एकच वास येत राहिला की नाक त्याला सरावतं. म्हणून परीक्षा पहिल्या दोन-तीन श्वासांत उरकायची, मग उतरून जरा मोकळ्या हवेत थांबायचं आणि परत बसायचं. त्या गाडीत रोज न बसणारं कोणी मिळालं तर सोन्याहून पिवळं, त्यालाच बसवा.

कुबट की आंबूस यावर घरात वाद घालत बसू नका, प्रत्येकाचं नाक वेगळं. वास *कधी* येतो ते नीट बघा, तिथेच अर्धं काम होतं. रात्रभर काचा लावून गाडी उभी ठेवा. सकाळी दार उघडा, काही चालू करू नका, नुसतं हुंगा. तेव्हाच वास असेल तर तो कार्पेट, सीट, छताचं कापड नाहीतर डिकी यापैकी कुठेतरी मुरलाय. मग दारं उघडी टाकून गाडी हवेशीर करा, इंजिन चालू करा, एसी बंद ठेवून फक्त ब्लोअर लावा, बाहेरच्या हवेवर. आता वास आला तर केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा), ब्लोअर किंवा वायपरखालच्या जाळीत साचलेला पाला. त्यानंतर एसीचं बटण दाबा, त्यानेच वास सुरू झाला तर कूलिंग कॉइल. आणि एक, बाहेरच्या हवेवर वास येतो पण आतली हवा फिरवायचं बटण दाबलं की थांबतो असं झालं तर दोषी बहुतेक बॉनेटखाली आहे, तेल कुठेतरी गरम भागावर गळतंय वगैरे, कारण बाहेरची हवा काचेच्या खालच्या कडेनेच आत ओढली जाते.

आता तुमचं वर्णन वाचून मला तरी दोन वेगवेगळ्या गोष्टी वाटतायत. पहिला अर्धा मिनिट येणारा वास कॉइलचा. कॉइल थंड असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते, त्यात धूळ, की झाली बुरशी आणि जिवाणूंची सोय. पण एसी न लावता बंद गाडीत भपकारा येतो म्हणजे आता कुठेतरी पाणी मुरायला लागलंय. एक सांगा, एसी चालू ठेवून गाडी उभी केली तर खाली पाणी ठिबकतं का? आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढची मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून बघा. नुसता हात फिरवून कळत नाही, वरचा थर कोरडा लागतो आणि खालचा जाड फोम पाण्याने गच्च असतो. टिश्यू पेपरची घडी ठेवून तिच्यावर टाचेने जोर द्या.

निळी_हॅचबॅक:
अय्या, पाणी! पूर्वी गाडीखाली डबकं व्हायचं, ते बऱ्याच दिवसांत दिसलेलं नाही, मला वाटलं चांगलंच आहे की. टिश्यूचा प्रयोग केला, टाच दाबली तर टिश्यू पूर्ण ओला! वरून हात लावला तर फक्त गार लागत होतं, ओलं नाही. मागच्या सीटपुढे पण त्याच बाजूला थोडं ओलसर आहे. ड्रायव्हरच्या बाजूला कोरडं खडखडीत. सकाळी काही चालू न करता वास आहेच. नुसत्या ब्लोअरवर धुळकट वास, एसीवर तोच जुना मोज्यांचा. म्हणजे तिन्ही?? 😭

सर्व्हिस_बे:
मी वर्कशॉपमध्ये काम केलंय म्हणून सांगतो, कार्पेट ओलं सापडलं म्हणजे निदान झालं असं नाही, ते पाणी कोणाचं ते आधी ठरवा. तीन उमेदवार असतात.

एक, एसीचं पाणी. कॉइलच्या खाली तबक असतं, त्यातून एक नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाहेर निघते, तिचं तोंड चिखलाने, पाल्याने, कधी किड्यांच्या घराने बुजलं की पाणी तबकातून उतू जाऊन आत कार्पेटवर येतं. हे पाणी स्वच्छ असतं आणि एसी लावल्यावरच वाढतं. दमट हवेत एसी चालवूनही खाली थेंब पडत नसेल तर संशय इथेच. कधीकधी वळणावर डॅशबोर्डच्या आत पाण्याचा डुचमळण्याचा आवाज पण येतो.

दोन, पावसाचं पाणी. हे जरा गढूळ, मातकट असतं आणि पाऊस झाला किंवा गाडी धुतली की वाढतं. वाटा पुष्कळ. वायपरखालच्या जाळीतल्या निचऱ्याच्या जागा पाल्याने बुजल्या की पाणी थेट ब्लोअरच्या वाटेने आत. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, स्पीकर बसवताना कोणीतरी तो फाडून ठेवतो आणि परत कोणी चिकटवत नाही. सनरूफ असेल तर त्याच्या चारी कोपऱ्यांच्या नळ्या. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर मागच्या लाइटचं गॅस्केट किंवा डिकीचं रबर. स्टेपनी उचलून बघायला कुणालाच सुचत नाही, ताई तुम्ही मात्र बघाच.

तीन, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. हे महत्त्वाचं. डॅशबोर्डच्या आत हीटरची छोटी कॉइल असते, ती गळाली तरी पाणी त्याच बाजूला येतं. फरक असा की हे बोटांना बुळबुळीत लागतं, बहुतेक रंगीत असतं (टिश्यूवर हिरवट किंवा गुलाबी डाग), वास गोडसर आणि काचेवर आतून तेलकट पापुद्रा बसतो जो पुसला तरी परत येतो. कूलंटच्या बाटलीतली पातळी पण हळूहळू उतरते. आम्ही हीटर कधी लावतच नाही म्हणून ही शक्यता नाही असं लोक म्हणतात, पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असतानाही कूलंट त्या कॉइलमधून फिरत असतं. आणि चव घेऊन बघणारे महाभाग मी पाहिलेत, कृपया नको, यातलं इथिलीन ग्लायकोल विषारी असतं, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं यांना पण त्या ओल्या कार्पेटपासून लांब ठेवा. पातळी बघायची ती इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बाटलीच्या बाहेरच्या खुणांवरून, गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

टिश्यूवर रंग होता का?

निळी_हॅचबॅक:
रंग अजिबात नाही, बुळबुळीत पण नाही. कूलंटची पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे, मी फोटो काढून ठेवलाय म्हणजे पुढे तुलना करता येईल. काच साफ आहे. स्टेपनीचा खड्डा कोरडा (फक्त एक हरवलेली छत्री सापडली). पावसाचं कसं ठरवू?

सर्व्हिस_बे:
मस्त, फोटोची आयडिया चांगली.

पावसासाठी पाण्याची नळी घ्या, प्रेशर वॉशर नको, त्याने जिथे एरवी शिरत नाही तिथेही पाणी शिरतं आणि भलतंच निदान होतं. मॅट काढा, एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बारीक धार सोडायची. सुरुवात खालून करायची. आधी दाराची खालची कड, मग वर काचेची बीडिंग, मग वायपरखालची जाळी, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळत खाली येतं आणि शिरलं कुठून ते कळत नाही. प्रत्येक जागी काही मिनिटं तरी धार ठेवा, घाई नको. हे करताना आतलं सगळं कोरडं राहिलं तर पावसाला सोडून द्या आणि नळीकडे वळा.

स्टेपनी:
आणि उंदीर?

पान्हा_१०:
😂 बरं, उंदराचं पण एकदा होऊनच जाऊ दे, कुणाच्या तरी कामी येईल. ब्लोअरच्या घरात घरटं किंवा मेलेला प्राणी असेल तर वास एसी असो नसो, ब्लोअर लावला की येतो आणि पंख्याचा आवाज बऱ्याचदा बदलतो, खरखर किंवा थडथड. ग्लव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर ओढून बघा, कुरतडलेला कागद, सीटचा फोम, लेंड्या दिसतात. साफ करताना हातमोजे आणि मास्क घाला, आणि कोरडं झाडायचं नाही, कंप्रेसरची हवा मारायची नाही, व्हॅक्यूम पण नाही. आधी जंतुनाशकाने भिजवून थोडा वेळ थांबायचं, मग टिपून उचलायचं. लेंड्यांची धूळ नाकात जाणं खरंच धोक्याचं असतं. आणि हो, घरटं सापडलं तर वायरी पण तपासा, ते फक्त झोपायला येत नाहीत.

निळी_हॅचबॅक:
अपडेट! काल भावाला कामाला लावलं. नळीने सगळीकडे पाणी मारलं, आत एक थेंब नाही. मग त्याने गाडीखाली शिरून ती एसीची नळी शोधली, रबराची, कोपरासारखी वळलेली, तोंड चिखलाने पूर्ण बंद. बोटाने चिखल काढला तर आधी काहीच झालं नाही आणि मग एकदम भसकन सगळं पाणी त्याच्या तोंडावर, काळपट, आणि वास विचारू नका, अंघोळ करून आल्यावर पण बोलत नव्हता माझ्याशी. त्यानंतर एसी चालवून ठेवला तर खाली छान टप टप सुरू झालं.

दुसरं म्हणजे, ग्लव्हबॉक्स उतरवून केबिन फिल्टर बघायला गेलो तर फिल्टरच नाही! झाकण आहे, खाच आहे, आत मोकळं. वाळलेली पानं थेट आत पडलेली. बिलात मात्र फिल्टर बदलल्याचं लिहिलंय, ते मी घेऊन जाणार आहे त्यांच्याकडे. आता प्रश्न असे की ओलं कार्पेट कसं वाळवू, आणि कॉइल घरी साफ करता येते का की डॅशबोर्ड उतरवावा लागतो?

पान्हा_१०:
भावाला माझा नमस्कार सांगा 🙏 मी लिहायला हवं होतं बाजूला सरकून काढा म्हणून, पण त्याशिवाय मजा नाही.

बिल घेऊन जाच. फिल्टर नाही म्हणजे इतके दिवस रस्त्याची सगळी धूळ थेट ओल्या कॉइलवर बसत होती, ट्रीटमेंट टिकणार कशी? ट्रीटमेंट म्हणून पुष्कळ ठिकाणी व्हेंटमधून वासाचा फवारा मारतात, तो कॉइलपर्यंत नीट पोचतच नाही.

डॅशबोर्ड उतरवायची गरज सहसा पडत नाही. एसी कॉइल क्लीनर म्हणून फोमचा डबा मिळतो, लांब बारीक नळीवाला, *गाडीसाठीचा*च घ्या, घरच्या एसीचे काही क्लीनर फार कडक असतात आणि ॲल्युमिनियमच्या पात्या खातात. इंजिन आणि ब्लोअर बंद ठेवायचा. नळी आत घालायच्या जागा गाडीनुसार बदलतात. काहींत फिल्टरच्या खाचेतून कॉइल दिसते, काहींत ब्लोअरच्या रेझिस्टरचा (पंख्याचा वेग कमीजास्त करणारा भाग) स्क्रू काढून त्या भोकातून जावं लागतं, नाहीतर खालून त्याच निचऱ्याच्या नळीतून वर. फिल्टरच्या खाचेतून मारणार असाल तर ब्लोअर मोटर आणि वायरिंगवर फोम पडू देऊ नका. मग डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, फोमचं पाणी होऊन खालच्या नळीतून मळ घेऊन उतरतं (म्हणूनच नळी आधी मोकळी हवी, नाहीतर सगळं परत कार्पेटवर). शेवटी काचा उघड्या टाकून ब्लोअर जोरात, हीटर गरमवर, कॉइल पूर्ण वाळेपर्यंत. मग नवीन फिल्टर. चारकोलवाला मिळाला तर वासासाठी बरा पडतो. बदलायचं अंतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना १५,००० किमीच्या आसपास, पण धुळीच्या रस्त्यावर त्याच्या कितीतरी आधी काळा होतो.

पुढे सवय एकच लावून घ्या, पोचायच्या काही मिनिटं आधी एसीचं बटण बंद करायचं पण ब्लोअर बाहेरच्या हवेवर चालू ठेवायचा, म्हणजे गाडी बंद करताना कॉइल ओलीगच्च राहत नाही. रोज जमलंच पाहिजे असं नाही.

सर्व्हिस_बे:
कार्पेटबद्दल माझं ऐका, वरून पंखा लावून वाळेल या आशेवर राहू नका. खालचा फोम पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या खाली पत्रा आहे, कुबट वास आज जाईल पण गंज बसेल. कार्पेट उचलावंच लागतं. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी निघाली की कड वर येते, तिच्याखाली काहीतरी टेकू देऊन हवा खेळेल असं ठेवा, ओलं ओढणारा व्हॅक्यूम असेल तर आधी पाणी ओढून घ्या, मग पंखा, मग ऊन. फोम सुटा निघत असेल तर बाहेर काढून वाळवणं सगळ्यात चांगलं. त्यावर काळे ठिपके आले असतील तर धुऊन फायदा नाही, तेवढा तुकडा बदला.

सीट काढावी लागली तर मात्र सावध. सीटखाली पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या टेन्शनरचे असतात. बॅटरीची मायनस काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही, आणि ते सुटे असताना इग्निशन चालू करायचं नाही, लगेच एअरबॅगचा दिवा लागून बसतो. शंका असेल तर सीट राहू द्या जागेवर, नुसती कड उचला.

ओली_मॅट:
धागा पळवतोय त्याबद्दल सॉरी, पण माझ्याकडे मागच्या सीटवर दूध सांडलं होतं, लगेच पुसलं, नंतर गरम वाफेच्या मशीनने पण साफ करून घेतलं, तरी ऊन लागलं की आंबट वास येतोच. बेकिंग सोडा रात्रभर टाकून ठेवला, सकाळी बरं वाटतं आणि दुपारी परत.

पान्हा_१०:
पुसलं ते वरचं, फोममध्ये गेलं ते आतच आहे. आणि वाफ देऊन उलट झालं, दुधातलं प्रोटीन उष्णतेने घट्ट धरून बसतं. याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पाळीव प्राण्यांच्या डागांसाठी विकतात ते चालेल. त्यातले एन्झाइम प्रोटीन आणि फॅट फोडतात. पण ते दूध जितकं खोल गेलंय तितकंच खोल पोचलं पाहिजे, नुसतं फवारून फडक्याने पुसलं तर पैसे वाया. साध्या पाण्याने जागा ओलसर करा, क्लीनर भरपूर ओता, प्लास्टिकने झाकून काही तास ओलं राहू द्या, मग व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि नीट वाळवा. एकदा पुरत नाही बहुतेक वेळा. त्याच्या आधी किंवा बरोबर जंतुनाशक, ब्लीच असलं काही टाकू नका, एन्झाइम निकामी होतात. सीटखाली तारा नाहीत ना ते बघून ओता.

सोडा वाईट नाही, वरचा वास धरतो, पण खाली कारखाना चालू असताना वर सोडा टाकून काय होणार.

सीटबेल्ट विसरू नका! पट्टा पूर्ण बाहेर ओढून हुंगा, दूध, घाम, सिगारेट सगळं त्यात मुरतं. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत क्लिप लावून बाहेरच ताणून ठेवायचा, ओला आत जाऊ द्यायचा नाही.

गिअरबॉक्स_गणित:
एवढा खटाटोप कशाला, ओझोन मशीन मिळतं, अर्धा तास लावा, सगळे वास खलास. मी सिगारेटच्या वासाच्या सेकंडहँड गाडीला करून घेतलं होतं.

सर्व्हिस_बे:
सिगारेटला चालतं कारण तिथे वासाचा चिकट थर कापडावर, छतावर पसरलेला असतो (आणि तिथेही आधी काचा, प्लास्टिक, छत पुसून घ्यावं लागतं). इथे ओला फोम आहे, ओझोन करून आलात आणि फोम तसाच ओला असला की बुरशी परत सुरू. शिवाय ओझोन फुफ्फुसांना घातक आहे, मशीन चालू असताना आत माणूस, प्राणी, झाड काहीही नको आणि नंतर दारं उघडून भरपूर हवा खेळू द्यायची. जास्त वेळ लावला तर रबराच्या बीडिंग्ज पण कडक होऊन तडकतात. कारण सापडून दुरुस्त झालं, सगळं वाळलं, आणि तरी थोडा वास राहिला, तर शेवटचा उपाय म्हणून करा. आधी नको.

चार्जिंग_लॅम्प:
मी ऑटो इलेक्ट्रिशियन. सगळे कुबट वासावर लिहितायत ते ठीक पण हा धागा शोधून कोणीतरी दुसऱ्या वासासाठी येईल म्हणून लिहून ठेवतो. काही वास असे असतात की शोधत बसायचं नाही, गाडी बाजूला घ्यायची.

जळक्या प्लास्टिकचा किंवा वायरचा वास आला, इंजिन बंद, सगळे उतरा. धूर असेल तर बॉनेट सताड उघडू नका, हवा मिळून भडका उडतो. धूर नसेल तर थोड्या वेळाने बॅटरीची मायनस काढा. माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांत बहुतेक वेळा नंतर बसवलेलं काहीतरी निघतं, जास्तीचे लाइट, ॲम्प्लिफायर, फ्यूज न घालता थेट बॅटरीवरून ओढलेली वायर. फ्यूज सारखा उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारे लोक तर माझं पोट भरतात. ब्लोअरच्या एखाद्या स्पीडलाच जळका वास येत असेल तर रेझिस्टर किंवा त्याचा कनेक्टर वितळतोय.

विचित्र वाटेल पण माशासारखा वास हा सुद्धा पुष्कळदा इलेक्ट्रिकचा असतो. काही प्लास्टिक आणि रेझिन जास्त तापले की तसा वास सोडतात. गाडीत मासे नेलेले नसताना तो वास आला तर फ्यूजबॉक्स आणि कनेक्टर हाताला गरम लागतात का बघा.

सडक्या अंड्याचा वास दोन ठिकाणांहून येतो. एक, बॅटरी जास्त चार्ज होतेय, खास करून ज्या गाड्यांत बॅटरी सीटखाली किंवा डिकीत असते तिथे आतच वास कोंडतो. मल्टीमीटर लावा, इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट ठीक (नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, त्यात कमीजास्त दिसतं), पण सतत १५ च्या वर राहत असेल तर अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) रेग्युलेटर गेलाय. बॅटरी फुगलेली, गरम असेल आणि वास येत असेल तर मात्र मल्टीमीटर वगैरे विसरा, जंप स्टार्ट नको, ठिणगी नको, हायड्रोजन असतो तिथे. गाडी बंद, हवा खेळू द्या आणि लांब थांबा. हा अंड्याचा वायू जास्त प्रमाणात असला की नाकच बधिर होतं, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असं समजू नका. दुसरं ठिकाण सायलेन्सर, इंजिन जास्त पेट्रोल खातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणारा भाग) ते झेपत नाहीये. तिथे वास बाहेर जास्त आणि आत कमी.

सर्व्हिस_बे:
त्यात माझी थोडी भर. पेट्रोलचा वास टाकी भरल्यावर थोडा वेळ आला तर सोडून द्या, रोज येत असेल तर नाही. पंपाचं नॉझल एकदा बंद पडल्यावर अजून थोडं, अजून थोडं करत गळ्यापर्यंत भरणाऱ्यांच्या गाडीत टाकीची वाफ धरणारा चारकोलचा डबा पेट्रोलने भिजतो, तिथून वास सुरू होतो. बाकी झाकणाचं रबर, इंजेक्टरची ओ-रिंग, मागच्या सीटखालचं पंपाचं झाकण. आणि गाडीखाली पेट्रोल ठिबकताना दिसलं तर गाडी चालू न करता ओढून न्या.

गॅसच्या गाडीत वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, मूळ गॅसला वास जवळजवळ नसतोच. सीएनजी हवेपेक्षा हलका, तो वर जातो. एलपीजी जड, तो खाली डिकीत, पायाशी साचतो, काच उघडून पटकन जात नाही. दोन्हीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद आणि दारं उघडी, स्विचशी खेळायचं नाही.

धुराचा वास आत येत असेल तर त्याला सगळ्यात जास्त घाबरा. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, पण सायलेन्सरचा वास आत येतोय म्हणजे तोही येऊ शकतो. गाडीत डोकं दुखतं, मळमळतं आणि उतरलं की बरं वाटतं हे लक्षण. डिकी उघडी ठेवून सामान नेतात ना, तेव्हा गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो, डिकीचं रबर फाटलं तरी तेच.

ताई, तुम्ही सुरुवातीला डोकं दुखतं लिहिलं होतं म्हणून विचारतो, ते परफ्यूम काढल्यावर थांबलं का?

निळी_हॅचबॅक:
हो हो, परफ्यूम काढले त्या दिवसापासून नाही दुखलं. तरी तुम्ही लिहिलंत म्हणून डिकीचं रबर सगळीकडून बघितलं, ठीक आहे. धुराचा वास कधीच नव्हता.

कार्पेट उचललं, फोम बाहेर काढून वाळत घातलाय, एका कोपऱ्यात काळे ठिपके आहेत तेवढा कापून टाकणार. कॉइलचा फोम मारला, खालून जे काही उतरलं ते बघून आम्ही इतके दिवस ती हवा खात होतो यावर विश्वास बसेना. आता एसीवर वास नाही, खरंच नाही, शेजारच्या काकूंना मुद्दाम बसवून विचारलं. फक्त सकाळी दार उघडलं की अगदी पुसट काहीतरी येतं, फोम गाडीत नसतानासुद्धा. आणि फिल्टरचे पैसे परत मिळाले, चेहरे बघण्यासारखे होते.

पान्हा_१०:
झकास. पुसट राहिलेल्यासाठी टिश्यूची दुसरी युक्ती करा. कोऱ्या टिश्यूच्या घड्या वेगवेगळ्या जागी रात्रभर ठेवा, प्रत्येक सीटवर, सीटखाली, डिकीत, छताला चिकटपट्टीने, आणि कुठली घडी कुठली ते त्यावर लिहून ठेवा. सकाळी एकेक घडी वेगळ्या झाकणाच्या बरणीत टाका आणि घराबाहेर, गाडीपासून लांब, एकेक उघडून हुंगा, मध्ये थोडं थांबून. ज्या बरणीला वास तो कोपरा. माझा अंदाज, फोम काढलात तरी कार्पेटची मागची बाजू अजून ओलसर आहे, किंवा मागच्या सीटखाली पाणी सरकलंय. तुम्हीच लिहिलं होतं मागे पण ओलसर आहे म्हणून.

निळी_हॅचबॅक:
मागच्या सीटखालची बरणी! बैठक उचलली तर खाली पत्र्याच्या खळग्यात पाणी साचलेलं, वाटीभर तरी असेल. पुसून काढलं, आता पंखा तिकडे वळवलाय. त्या खळग्यात एक रबरी बूच आहे गोल, ते काढून ठेवू का म्हणजे परत साचणार नाही?

सर्व्हिस_बे:
नको नको, वाळेपर्यंत काढा आणि मग परत घट्ट बसवा. बूच उघडं राहिलं तर रस्त्यावरचं पाणी खालून आत येईल. रबर कडक झालं असेल तर त्याच मापाचं नवीन घाला. आणि पत्रा पूर्ण वाळला की गंजाचे ठिपके आहेत का बघा, असतील तर घासून प्रायमर मारून मगच फोम आणि कार्पेट परत टाका.

स्टेपनी:
बुचाच्या भोकातून उंदीर पण येतो.